ब्रिसुएलांची फाइल

ब्युनोस आइरेसमधल्या त्या दवाखान्यात
बत्तीस वर्षं मी टायपिस्ट होते.
डॉक्टर टेपवर बोलायचे, मी कागदावर आणायचे.
निदान त्यांचं, स्वल्पविराम माझे.

ओस्वाल्दो ब्रिसुएला, वय एकेचाळीस,
मांसाच्या कारखान्यात कापणीला.
तक्रार: रियाचुएलोवरचा पूल ओलांडवत नाही.
पाय थिजतात, छातीत कुणी किल्ली फिरवतं.
घर अलीकडे, कारखाना पलीकडे.
सहा आठवडे पगार नाही.

पहिले डॉक्टर लेविन्स्की.
कोचाच्या उशाशी बसायचे, दिसणार नाहीत असे.
चार वर्षं, आठवड्यातून तीनदा.
पूल म्हणजे आई, असं मी टाइप केलं,
मग नदी म्हणजे आई,
मग एका मंगळवारी आई म्हणजे आईच:
धुणं आटोपून ती घरी गेली
आणि पोर काठावरच राहिलं.
परत आली तेव्हा तिच्या हातात पाव होता.
या ओळीला माझी बोटं थांबली.
टेपवर कुणी तरी रडत होतं.
डॉक्टर की पेशंट, आवाजावरून कळेना.
मी कंसात 'शांतता' लिहिलं.

मग अगिर्रेबाई, हातात घड्याळ.
आईचं त्यांना काही पडलेलं नव्हतं.
भीती म्हणजे लागलेली सवय,
लागली तशी सुटते, म्हणाल्या.
सोमवारी पुलाचा फोटो बघणे. भीती शंभरात साठ.
गुरुवारी पहिल्या दिव्याखाली उभे राहणे. नव्वद.
पळू नका. ऐंशी. पळू नका. पंचावन्न.
तिसऱ्या दिव्यापर्यंत पोचले ब्रिसुएला,
आणि त्या दिवशी घड्याळ धरायला नेलेल्या मला
घामेजल्या तोंडानं विचारलं,
'तुमची शेवटची बस किती वाजता असते?'

तिसऱ्यानं वही दिली, मधोमध रेघ मारलेली.
डावीकडे विचार: पूल कोसळेल.
उजवीकडे पुरावा.
ब्रिसुएलांनी लिहिलं: पूल नगरपालिकेनं बांधलाय.
हा पुरावा कुठल्या बाजूचा,
यात तास संपला.

चौथ्याकडे वेळ थोडा, गोळ्या पांढऱ्या.
मेंदूत एक रसायन कमी पडतं, म्हणाले, बहुधा.
'बहुधा' टाइप करू नका, म्हणाले.
मी केलं.
गोळीनं झोप आली. तोंड कोरडं पडलं.
दोन्ही खरं.

मधे एकदा बायकोलाही बोलावलं होतं. एर्मिंदा.
'पूर्वी संध्याकाळी पलीकडेच पीत बसायचा.
आता घरी जेवतो.'
पर्स उघडली, मिटली.
तिचं पान एवढंच, फाइलच्या तळाशी.
मला विचारलं असतं तर वर लावलं असतं.

आणि एका ऑगस्टात ब्रिसुएला
चालत पलीकडे गेले.
दाढ ठणकत होती.
स्वस्तातला दंतवैद्य पलीकडे बसायचा.

दाढ! निवृत्त लेविन्स्की फोनवर खुलले,
तोंड, दूध, पाव, सगळं जुळतंय.
अगिर्रेबाईंनी तीन दिव्यांचं श्रेय मागितलं,
वहीवाल्यानं वहीचं शेवटचं पान.
चौथ्यानं मात्रा तीच ठेवली.
मी चौघांचं टाइप केलं.
खोडण्यासारखं कुणाचंच नव्हतं.

दवाखाना सहाव्या मजल्यावर.
बत्तीस वर्षं मी जिन्यानं चढले.
लिफ्टची जाळी खडखडली
की पाचव्यावर थांबून बुटाची नाडी बांधायचे.
सगळे म्हणायचे, बाईंचा व्यायाम.

माझ्या शेवटच्या आठवड्यात ब्रिसुएला
फाइलची प्रत न्यायला आले.
कागद हातात घेता घेता
त्यांनी माझ्या टाचांकडे पाहिलं,
झिजलेल्या.
मग दाराबाहेर, त्या काळ्या जाळीकडे.

'आज नुसतं बघायचं,' म्हणाले.
'आत नाही जायचं. आकडा सांगा.'

मी सांगितला.
त्यांनी माझंच पेन घेऊन
आपल्या फाइलच्या कोपऱ्यात लिहिला.